फुटाला एक सूत

संमतीपत्र तीन भाषांत होतं.
भरमाण्णा देसूरकरांनी कन्नडमधलं वाचलं,
मराठीतल्यावर सही केली,
आणि इंग्रजीच्या कोऱ्या पाठीवर
पेन चालतंय का बघायला एक वर्तुळ काढलं,
नुसत्या हाताने. कंपास लावून तपासावं असं.

उद्यमबागेतलं पॅटर्न शॉप.
सागाचा भुसा माझ्या लॅपटॉपच्या कळांत शिरत होता.
मी सांगितलं, काका, स्क्रीनवर काम करताना
मनात येईल ते सगळं मोठ्यानं बोला,
आमच्या पद्धतीत असंच असतं.
होय की, म्हणाले.
आणि गप्प बसले.

कॅमेरा त्यांच्या बुबुळांमागे फिरत होता.
बुबुळं पंपाच्या आराखड्यात एका कोपऱ्यावर थांबली.
एक मिनिट. चार मिनिटं. पलीकडे भट्टीचा ब्लोअर सुरू झाला,
रुद्राप्पा मोल्डर कुणावर तरी ओरडला, स्वल्प तडी,
जरा थांब, आणि ब्लोअर बंद झाला.
काका, बोला ना, काय विचार करताय?
"करूलालोच की. बोललो तर थांबंल."

उजवा हात माऊसवर. डावा
टेबलाखाली हवेत काहीतरी तासत होता,
अंगठा नसलेल्या धारेवरून मागे-पुढे.
(माझ्या चौकटीत टेबलाखालचं काही येत नाही.)
मोजताना ओठ हलले : ओंदु, एरडु, मूरु,
मग चार, पाच.
मूरु आणि चारच्या मध्ये काय झालं
ते शोधायला मी रेकॉर्डिंग नऊदा ऐकलं.
त्या क्षणी रुद्राप्पा दारातून बाहेर जातो, एवढंच.

सर म्हणाले, शांतता कापून टाक, त्यात डेटा नसतो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातली पट्टी
माझ्या पट्टीशेजारी ठेवली.
दोन्हींवर बारा इंच. त्यांची एक सुतानं लांब.
चुकीची आहे का हो?
"नव्हं. बीड गार होताना आकसतंय. फुटाला एक सूत.
म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं कापायचं.
ही सांगती बाराच, पण कापायला लावती जास्त.
तेवढा विचार पट्टी करती. आपण दुसरा करायचा."
मग स्क्रीनकडे हनुवटी :
"ह्याच्यातबी सोय हाय. एक टक्का टाकला की सगळं फुगतंय.
पोरं टाकायला इसरत्यात.
पट्टीला इसरता येत न्हाई."

रात्री प्रयोगशाळेत त्यांची वाक्यं टाइप करताना
'करूलालो'खाली लाल नागमोडी रेघ आली.
सुचवणी : करू लागलो.
करू लागलो नव्हते ते. करत होते.
बोलणं अक्षरांत ओतताना किती आकसतं,
आमची मराठी प्रमाण मराठीत किती,
ती इंग्रजी प्रबंधात गार झाल्यावर किती,
याचं कोष्टक माझ्या कुठल्याच संदर्भात नाही.
अकरा मिनिटांची शांतता मी कापली नाही.
वेगळ्या फाइलीत ठेवली, नाव सुचेना,
'नवीन फोल्डर' म्हणूनच पडून आहे.

शेवटच्या प्रश्नावलीत एक ते पाच अशी आडवी रेघ होती :
प्रणाली वापरणं किती सोपं वाटलं?
त्यांनी रेघेला पट्टी लावली,
चाराच्या किंचित पुढे खूण केली.
काका, चारच ना?
"आत्ता गरम हाय मॅडम. गार झालं की चारावर येतंय."

तक्त्याच्या रकान्यात पूर्णांकच बसतो.
मी चार भरले. खोडले.
लॅपटॉप उलटा करून झटकला, चिमूटभर भुसा निघाला,
त्याला अजून वास होता.
सरांचा फोन आला, आकडे झाले का?
माझ्या तोंडातून निघालं,
स्वल्प तडीरी.